पाण्याबरोबर घेतलेलं नाव

शिकागो
रविवार, १ नोव्हेंबर

प्रिय लेम,

मागच्या पत्रात मी तुला एक गोष्ट चुकीची लिहिली. ती आधी दुरुस्त करते, मग बाकीचं. ऑक्टोबरच्या खेळाबद्दल लिहिताना मी म्हटलं होतं की चित्रपट सुरू व्हायच्या आधी पाणी ओतताना, गेलेल्या माणसांची नावं घेतली जात असताना, मिस्टर टॉलिव्हरांच्या तोंडून चुकून तुझं नाव निघालं आणि सगळे हसले. मिस्टर टॉलिव्हरांनी तुझं नाव घेतलं नाही. सगळे हसलेही नाहीत. तुझं नाव मम्माने घेतलं.

जसं झालं तसं लिहिते. हॉल भरला होता. दिवे मंद केले होते, प्रोजेक्टर तापत होता, मी की-बोर्डपाशी बसले होते. मिस्टर टॉलिव्हर नेहमीसारखे पाण्याचा जग घेऊन त्या फर्नच्या कुंडीपाशी उभे राहिले आणि म्हणाले, बोला, आज कुणाकुणाला बोलवायचं आपल्यात. कुणी आजीचं नाव घेतलं, कुणी भावाचं. मी डॅडीचं घेतलं. दर नावाला थोडं पाणी कुंडीत पडायचं आणि हॉल ‘आशे’ म्हणायचा, तसंच होवो. मग तिसऱ्या रांगेतून मम्माचा आवाज आला, आपल्याला शुद्धलेखन घालताना असायचा तसा, ठाम आणि स्वच्छ. ती म्हणाली, “लेम्युएल.” पाणी तोवर पडलं होतं. हॉलने आशे म्हटलं. आणि लेम, मीही म्हटलं. तुला माहीत आहे ते कसं असतं. तो शब्द आपण म्हणत नाही, पाणी पडलं की तोंडातून येतो. माझ्या तोंडातून तो गेला, आणि मग माझ्या कानांना कळलं की नाव कुणाचं होतं.

मिस्टर टॉलिव्हर जग हातात धरून तसेच उभे राहिले. मग म्हणाले, “माफ करा मंडळी, म्हातारा झालोय, कुणाचंही नाव घेऊन बसतो.” त्यांनी तोंडही उघडलं नव्हतं हे हॉलमधल्या प्रत्येकाने पाहिलं होतं, तरी प्रत्येकाने मान डोलावली. मिस अर्नेस्टीन म्हणाली, “तुझी जीभ तरुणपणीही सैलच होती, टॉलिव्हर.” हसली असेल तर तेवढी एकटी ती, आणि तेही त्यांना सावरायला. सगळ्यांनी मिळून जी गोष्ट मान्य केली तीच मी तुला लिहिली. ती सोपी होती. पण टाकलेलं पत्र परत घेता येत नाही, आणि एका निर्दोष माणसावर मी आळ घातला हे मला झोपू देत नाही.

दुसरंही एक आहे. तुला आपली रीत ठाऊक आहे, एकदा घेतलेलं नाव पुढच्या प्रत्येक खेळाला घेतात. पुढचा खेळ एकवीस तारखेला आहे. मम्मा पुन्हा घेणार. लोक आताच बाजूला घेऊन विचारायला लागलेत, दवाखान्यात की अपघातात, आम्हाला कळवलं कसं नाही. गेल्या सोमवारी कोपऱ्यावरच्या मिसेस पेटिग्रू दारात आल्या, हातात पाउंड केक. ताटलीच्या खाली नेहमीसारखी चिकटपट्टी आणि तिच्यावर त्यांचं नाव, म्हणजे दुःख ओसरलं की ताटली परत करायची. मम्माने आभार मानले आणि केक आत घेतला. मी जिन्यात उभी राहून बघत होते. आपल्या घरात तुझा केक आला, लेम. आम्ही तो खाल्लाही नाही आणि टाकलाही नाही.

बाकीचं सांगते, नाहीतर तुला वाटेल मी एवढ्यासाठीच पेन उचललं. खेळ चालू आहेत. दर महिन्याच्या तिसऱ्या शनिवारी, त्याच जुन्या फर्निचरच्या दुकानात, त्याच घडीच्या खुर्च्या, आणि खुर्च्यांपेक्षा माणसं जास्त. अजूनही आपल्या काळ्या लोकांचेच चित्रपट, स्वतःच्या खिशातून केलेले, कुठल्याही थिएटरने न घेतलेले. सप्टेंबरात मेम्फिसहून एक मुलगी स्वतःचा घेऊन आली होती. दोन बहिणी, आणि वाटेत बंद पडलेली गाडी, एवढीच गोष्ट. पैसे संपल्यामुळे संगीत केलंच नव्हतं तिने. मी आयुष्यात न पाहिलेल्या चित्रपटाला वाजवत होते, आणि तीन ओळी मागून मिस अर्नेस्टीन पडद्याला सांगत होती, “अगं बाई, बॉनेटकडे बघून गाडी चालत नसते, खाली उतर आणि ढकल.” आणि पुढच्याच क्षणी ती बहीण खाली उतरली आणि ढकलायला लागली. हॉल असा पेटला की दोन मिनिटं मला माझंच वाजवणं ऐकू आलं नाही. ती मेम्फिसची मुलगी भिंतीशी उभी राहून रडत होती. अशा वेळी मी सवयीने डावीकडे बघते, तुला हे ऐकू आलं का म्हणून. डावीकडे तुझा माणसाएवढा, चार तारांचा बास भिंतीला टेकून उभा असतो. त्याला कुणी हलवलेलं नाही. मिस अर्नेस्टीन मला परवा म्हणाली, “बेबी, तुझा उजवा हात छान गातो, पण डावा कुणाची तरी वाट बघत वाजवतो.” बरोबर आहे तिचं. तुझे सूर आता तोच वाजवतो, आणि ते त्याला जमत नाहीत.

खेळ संपला की माणसं जोडीजोडीने, घरच्या घरी निघून जातात. मी की-बोर्ड आवरते, मिस्टर टॉलिव्हर खुर्च्या मिटतात. मग मी आणि मम्मा घरी येतो आणि आपापल्या खोलीत जातो. दंतवैद्याच्या दवाखान्यातलं काम ठीक आहे. मी दिवसभर लोकांना विचारत असते की तुम्हाला कुठे दुखतं, आणि लिहून घेते.

आता ऑक्टोबरच्या खेळाचं खरं. तो डॅडीचा चित्रपट होता. दरवर्षी ऑक्टोबरात दाखवतात, तळघरात पाणी शिरून रिळाचा आवाज गेल्यापासून दरवर्षी आपणच वाजवायचो, तू आणि मी. एक बाई नवऱ्याच्या मयतीनंतर लोकांनी आणलेली भांडी घरोघरी परत करत फिरते. ती बाई मम्मा, तेव्हाची, खरी विधवा व्हायच्या कितीतरी आधीची. आणि शेवटून दुसऱ्या दारात डॅडी. दार उघडतो, मम्माच्या हातातलं भांडं घेतो आणि हसतो. डॅडी गेल्यावरच्या पहिल्याच ऑक्टोबरात, बरोबर त्या हसण्यावर, तुझा बास थांबला. मला वाटलं तार तुटली. मी वळून बघितलं तर तू तो भिंतीला टेकवत होतास, अगदी हळू, झोपलेल्या माणसाला टेकवावं तसा. मग बाजूच्या दाराने बाहेर गेलास. सगळ्यांना वाटलं सिगारेट ओढायला. मी एकटीने शेवटपर्यंत वाजवलं. त्याला आता तीन वर्षं झाली.

तेव्हापासून त्या दाराच्या दृश्याला मी पडद्याकडे बघत नाही. डॅडीने आपल्याला एकच नियम घातला होता, बोटांकडे बघायचं नाही, चेहऱ्यांकडे बघायचं, आणि मी दोन ऑक्टोबर तो मोडला. या वेळी, तुझ्या नावाला आशे म्हटल्यावर, मी बघितलं. का ते माहीत नाही. मला वाटलं, आज डोळे खाली घातले तर मी त्या शब्दावर सही केल्यासारखं होईल. आणि मला पहिल्यांदाच दिसलं की डॅडी भांडं घेताना मम्माकडे बघतच नाही. तिच्या खांद्यावरून पलीकडे बघून हसतो.

चार दिवस मी हे मनात ठेवलं. मग बुधवारी दुपारी मम्मा स्वयंपाकघरातल्या टेबलाशी कॉलर्डची पालेभाजी निवडत होती, तिच्यासमोर जाऊन बसले. तेच टेबल, जिथे आपली सगळी शाळा झाली. काहीही सांगायला गेलं की तिचा तो प्रश्न आठवतो ना, पाहिलं, ऐकलं की वाटलं? तू खिडकीची काच फोडलीस तेव्हा तू म्हणाला होतास, चेंडू गेला असं वाटलं, आणि तिने तुला दिवसभर तेच वाक्य सरळ करायला लावलं होतं. मी तिला विचारलं, तू त्याचं नाव का घेतलंस. ती देठ काढत राहिली. मी म्हणाले, “तो जिवंत आहे, मम्मा.”

“पाहिलंस?”

नाही, म्हणाले.

“ऐकलंस? फोनवर तरी?”

नाही.

“मग?”

“वाटतं.”

“मलाही वाटतं, बेबी,” ती म्हणाली. “तीन वर्षं वाटतंच आहे.”

तू गेल्यावर पहिल्या वर्षी आलेल्या कार्डाचं मी सांगितलं, ज्याच्यावर फक्त तुझा डलूथचा पत्ता होता. माझी पत्रं परत येत नाहीत हे सांगितलं. ती म्हणाली, परत न येणं म्हणजे उत्तर नव्हे, पोस्टवाल्याचा आळसही असू शकतो. मग मी तिला डॅडीच्या नजरेबद्दल विचारलं. तिने पानं खाली ठेवली. म्हणाली, ते दाराचं दृश्य घेतलं त्या दिवशी डॅडीला स्वतःला पडद्यावर यायचं होतं, आणि कॅमेरा धरायला दुसरं कुणी नव्हतं. म्हणून दुधाच्या क्रेटवर तुला उभं केलं होतं, आठ वर्षांचा तू, एक डोळा घट्ट मिटून, ओठ दाबून, श्वास रोखून, चित्र हलू नये म्हणून. मी तेव्हा शेजारणीच्या कडेवर होते. तुला बघून डॅडीला हसू आवरलं नाही. ते हसणं कथेत नव्हतंच. म्हणजे इतकी वर्षं सगळा हॉल ज्या हसण्यावर हसतो, ते तुझ्यासाठी आहे. आणि डॅडी गेल्यानंतर तुला त्याच हसण्यासमोर उभं राहून वाजवावं लागत होतं. मला हे माहीत नव्हतं, लेम. तू कधी बोलला नाहीस. मी तीन वर्षं समजत होते की तू आमच्यावर रागावून गेलास, आणि माझ्या वाजवण्यात काही चुकलं होतं का, हेही शोधत होते.

मी मम्माला म्हणाले, तुला हे ठाऊक होतं, तरी तू त्याला गेलेल्यांत घातलंस. ती म्हणाली, “तो का गेला ते मला ठाऊक आहे. तो आहे का, तेवढं ठाऊक नाही.” मग पुन्हा देठ काढायला लागली. मला वाटलं संपलं. मी उठले, तेव्हा ती पाठ वळवून नळ सोडता सोडता म्हणाली, “या घरात मी त्याचं नाव घेतलं की तू उठून दुसऱ्या खोलीत जातेस. तिथे घेतलं, तर हॉलभर माणसांनी उत्तर दिलं.”

तेव्हाही मी उठलेलीच होते. मग परत बसले. पण तोवर नळ जोरात सुटला होता.

हे पत्र मी तुला परत बोलवायला लिहीत नाही. वाजवायलाही नाही. तुला ते दार पुन्हा बघवणार नसेल तर मी कुणालाही तुला भाग पाडू देणार नाही, मम्मालाही नाही. पण एकवीस तारखेला ती नाव घेईल तेव्हा मला गप्प बसायचं नाही, आणि जे मी पाहिलं नाही ते मला उभं राहून सांगताही येणार नाही. म्हणून मी येते आहे. दवाखान्यातून सुट्टी घेतली आहे. अकरा तारखेला, बुधवारी सकाळच्या बसने निघेन, मिनिआपोलिसला बदलेन, रात्री डलूथला पोचेन आणि बसस्टँडजवळच्या मोटेलात राहीन. मम्माला अजून सांगितलेलं नाही. तिने विचारलं तर सांगेन, खोटं बोलणार नाही. तू बोललास तर बरं वाटेल, नाही बोललास तरी मी थोडा वेळ तुझ्याजवळ बसेन आणि परत जाईन. आणि हे पत्र लेमच्या ऐवजी दुसऱ्या कुणी उघडलं असेल, तर कृपा करून फोन करू नका, लिहूनही कळवू नका. घरीच थांबा, आणि जे असेल ते मला समोर सांगा. मी त्याची बहीण आहे. मी कार्डावरच्या पत्त्यावर येते आहे, गुरुवारी, बारा नोव्हेंबरला.

तुझीच, अजूनही धाकटी,
झिप