काठावरची भेग

सोलापूर, भोगी
ता. १३ जानेवारी १९३६

तीर्थस्वरूप सौ. आक्कास,
धुळाप्पाचा साष्टांग नमस्कार.

मी खुशाल आहे. हे पत्र दाजींच्याच हाती देतोय. मास्तरांकडून वाचून घे, मात्र दाजी शेरडांमागं गेले की मगच.

दाजी इथल्या सरकारी शेतकी मळ्यावर रमलेत. सहा भाकरी खातात आणि वर मलाच म्हणतात, "सरकारी रानातबी भूक तीच की रं." तुझ्या हट्टापायी मी त्यांना इथं कामाला लावलं. परवापर्यंत वाटत होतं, बरं केलं.

शाळूची मुळं किती खोल जातात ते मळ्याच्या साहेबांना पाहायचंय. म्हणून ओळीशेजारी दीड पुरुष खोल खड्डा खणलाय. आत उतरून पाण्याच्या बारीक धारेनं माती धुवायची, मूळ तुटू द्यायचं नाही. हे काम दाजींचं, त्यांचा हात हलका. गुरुवारी पुण्याचे वरिष्ठ बघायला येणार आहेत.

खड्ड्याच्या काठावरची भेग रोज मोजून वहीत लिहायची, हे काम माझं. ती रुंदावली की कड आत ढासळते.

आक्का, मी पाच दिवस खोटं लिहिलं. भेग वाढत होती आणि मी रोज दोन बोटंच लिहीत गेलो. खरं लिहिलं तर खड्डा बुजवतील, साहेब माझ्यावर चिडतील, असं वाटलं. आज माझा अख्खा पंजा आत गेला. खाली दाजी ओव्या म्हणत होते.

त्यांना वर घेतलं आणि साहेबांकडे पळालो. साहेबांनी वहीच पुढं केली. "तूच लिहिलंस ना? काळ्या रानाला भेगा पडायच्याच. सणाला घरी पळायची कारणं सांगू नकोस. उद्या कुणीतरी उतरलंच पाहिजे." बघायलासुद्धा आले नाहीत. करावं तसं भरावं, दुसरं काय.

दाजी उतरणार नाहीत म्हटलं, तर साहेब म्हणाले, मळ्यावरच्या दगडाबाईच्या नवऱ्याला उतरव. त्यालाही घरदार आहे. लिहिलं मी, तर उतरायचंही मीच. दाजींना सांगितलंय की साहेबांनी संक्रांतीची सुट्टी दिली. हेही खोटंच.

मला लई भीती वाटते आक्का. पण आज वहीत खरं लिहिलं, पाच बोटं.

तीळगूळ दाजींच्या पिशवीत आहे. त्यांना परत पाठवू नकोस, कुणी बोलवायला आलं तरी नको. वर आलो तर आठवड्यात माझं पत्र येईल. नाही आलं, तर मात्र हे सगळं मास्तरांकडून दाजींनाही वाचून ऐकव.

पाच दिवस काठावर नुसता उभा राहिलेला,
तुझा भाऊ
धुळाप्पा