सुमी खाटेखालून येत नाही

३ फेब्रुवारी, सोमवार

फिट नाही. भात खाल्ला. दुधाची वाटी ढकलली.

कांताबाई सकाळी सुमीची आंघोळ करून गेली, जाताना उंबऱ्याशी थांबली. गुरुवारी मिरची तोडायला तेलंगणात जाते म्हणे. गावातल्या बायांचा टेम्पो ठरला. पाडव्यापर्यंत परत नाही. मी म्हटलं, मग सुमीचं? ती पदराला हात पुसत म्हणाली, "भाऊ, पोटाचं बी पाह्यलं पाह्यजे ना. तुमीच सांगा, काय करू?"

सुमीची माय गेल्यापासून हीच बाई रोज तिला आंघोळ घालते, महिन्याचं पाहते. शेजारीण आहे, नातं नाही, आणि कधी बोलून दाखवलं नाही.

सुमी चाळिशीला आली. मी बाप. बापाने कसं

५ फेब्रुवारी, बुधवार

काल दुपारी फिट, लहान. डाक्टरने तारीख लिहून ठेवायला सांगितलं म्हणून लिहितो. पुढे नुसतं फि. लिहीन, हात कापतो.

कांताबाईच्या सुनेला विचारलं. ती मोहर्लीला रिसॉर्टवर चादरी धुवायला जाते, उजाडायच्या आत निघते. पलीकडच्या घरातली बुधाबाई म्हणाली, तिले झटका आला तर मी एकटी काय करीन, मले भेव लागते. भावाच्या बायकोकडे गेलो तर तिने चहा दिला आणि विचारलं, "भाऊजी, अजून कवापर्यंत असं चालवसान?" चहा तसाच ठेवून आलो. आता वाटतं प्यायला हवा होता, उद्या पुन्हा तिच्याच दारात जावं लागेल.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

फि. नाही.

टेम्पो काल गेला. आज मीच पाणी तापवलं. सुमी न्हाणीत बसली, गाऊनचा गळा दोन्ही मुठीत धरला, सोडेना. दाराकडे पाहत होती, कांताबाई येईल म्हणून. मी म्हटलं, सुमे, मीच आहे. मग तर अजून घट्ट धरलं. शेवटी कपड्यांवरूनच पाणी ओतलं. ओला गाऊन बदलू देईना. उन्हात बसवलं. तो अंगावरच वाळला. ती थरथरत होती आणि मी मागच्या दारी उभा राहून तोंडात गमछा

सुमीच्या गोळ्या आणून देणारी दवाखान्याची आशाबाई आली होती. मूलच्या पलीकडे एक वस्ती आहे म्हणाली. दवाखाना नाही, आश्रम नाही. अशीच माणसं घरं करून एकत्र राहतात, रांधतात, भाजीची वाडी करतात. तिथल्या मीनाताईला तिनेच फोन लावून दिला. ताई म्हणाली, सोमवारी आणा. घेतोच असं नाही म्हणत, काही दिवस पाहू.

१० फेब्रुवारी, सोमवार

फि. नाही. चंद्रपूरच्या स्टँडवर ओकली. मूलपर्यंत माझ्या मांडीवर डोकं.

वस्तीत चार लहान घरं. दोन बायांची, दोन माणसांची. सुमीला गिरजाबाईच्या घरात खाट दिली. गिरजाबाईचे पाय लहानपणीच गेले, चाकाच्या पाटावर बसून सरकते, पण सगळ्यांचा स्वयंपाक तिच्या हातात. सुमीला वरपासून खालपर्यंत पाहून म्हणाली, "बोलत नाई का ही? बरं झालं. इथी सारेच बोलतेत, आयकाले कोणी नोयतं." गोळ्या कधी द्यायच्या ते तिला तीनदा सांगितलं. चौथ्यांदा सांगायला लागलो तर म्हणाली, बाबा, जा आता.

मीनाताई म्हणाली, रेंगाळू नका, जेवणाच्या आधी निघा. निघालो.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

ताईचा फोन. फि. दोन. जेवत नाही. जेवायला बोलवायची वेळ झाली की खाटेखाली शिरते, कोणी ओढलं तर ओरडते. आंघोळ मात्र गिरजाबाईच्या हातून करून घेते. हे ऐकून बरं वाटलं. वाईटही वाटलं.

मग ताईने हळूच विचारलं, घरी कोणी मारत होतं का तिला? नाही म्हणालो, पण आवाज असा निघाला की मलाच खोटा वाटला.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

पहिल्या बसने गेलो. ओसरीवर बसून ताईशी बोलत होतो, तेवढ्यात घंटा वाजली. झाडाला रुळाचा तुकडा टांगला आहे, त्यावर लोखंडाने ठोकतात. जेवण, आंघोळ, वाडीचं काम, सगळ्याला तीच. आवाज आला तसा मी उठलो आणि दार लावायला गेलो. दार धरल्यावर समजलं.

आमच्या गावात वाघ बांधावर आला की पाहणारा तेलाचा डबा बडवतो. डबा वाजला की सगळे घरात. सुमीला हे शिकवायला तिच्या मायने किती वर्षं घातली. डबा वाजला की खाटेखाली जायचं आणि माय म्हणेपर्यंत निघायचं नाही. माय म्हणायची, "गेला वं सुमे, गेला." बाकी काही न कळणाऱ्या पोरीला एवढं एक पक्कं कळलं. इथे दिवसातून किती वेळा तिला वाघ येत होता, आणि गेला म्हणणारं कोणी नाही.

खाटेपाशी वाकून मीच म्हटलं. आली बाहेर. कोपरं सोललेली. माझ्या हातून भात खाल्ला, मग पुन्हा मागितला.

ताईने माफी मागितली. मी म्हटलं, तुमची काय चूक, मीच सांगायचं विसरलो. डबा कोणाला सांगायची गोष्ट असते का? ताईने थोडे दिवस राहायला सांगितलं. आंधळ्या सखारामभाऊच्या घरात माझी खाट.

१६ फेब्रुवारी, रविवार

फि. एक, पहाटे.

रविवारी सगळे चिंचेखाली बसतात आणि वस्तीचं ठरवतात. ताईच्या मताला तिथे एकाच माणसाचा भाव. मी हात जोडून म्हटलं, घंटा तेवढी बंद करा. आधी सखारामभाऊ बोलला.

"बाबा, ते घंटा माहा रस्ता हाय. तिच्याकडं तोंड करून मी जेवाले येतो, वाडीत जातो. ते बंद केली त मले खाटेवर ताट आणून देसान. मंग मी खरा आंधळा झालो."

गिरजाबाई म्हणाली, लोखंड नोका वाजवू, लाकूड वाजवून पाहा. तसं ठरलं.

१९ फेब्रुवारी, बुधवार

फि. नाही. लाकडाचा ठोकळा वाजला तर सुमी नुसती बसून राहते, घाबरत नाही. मी खूश होतो दोन दिवस.

आज वारा होता. ठोकळा वाजला आणि सखारामभाऊ भलतीकडे गेला, धानाच्या बांधीत पडला. कपाळ फुटलं. मी रक्त पुसत होतो तर म्हणाला, "पोरीच्या नावानं नोका रडू. माहेच कान म्हातारे झाले."

मला खोकला झाला असता तरी बरं, बाहेर झोपायला निमित्त मिळालं असतं. त्याच्या घरात तोंड दाखवायला लाज वाटते.

संध्याकाळपासून पुन्हा लोखंड. सुमी खाटेखाली.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

सखारामभाऊ म्हणतो, तिची माय कसं म्हणे ते मले शिकवा. शिकवलं. घंटेच्या आधीच तो काठीने चाचपत गिरजाबाईच्या दारात जाऊन बसतो. घंटा झाली की म्हणतो, गेला वं सुमे, गेला. आवाज असा जाड की गिरजाबाई म्हणाली, "वाघ गेला का वाघच बोलून राह्यला, तिनं काय समजावं?" तो म्हणाला, तुह्या भाकरी खाऊन घसा असा झाला. सगळे हसले. मी पण हसलो, बऱ्याच दिवसांनी.

सुमी आली नाही. पण तोंड बाहेर काढून त्याच्याकडे पाहत होती, गिरजाबाई सांगते.

फि. लिहायचं राहिलं. नव्हती.

२४ फेब्रुवारी, सोमवार

दुपारची घंटा वाजली. सखारामभाऊ यायचा होता अजून. सुमी खाटेवरच होती. उठली, आपली ताटली घेतली आणि पाय ओढत अंगणातून स्वयंपाकघराकडे निघाली. एकटी. घंटेकडे तोंड करून. गिरजाबाई ओरडली, पाहा पाहा, कोणी धरू नोका. सगळे टाळ्या वाजवायला लागले. ताईने डोळे पुसले. मी तिची ताटली वाढली, तिच्याकडे पाहता पाहता वरण सांडलं.

नंतर वाडीच्या कुडासाठी बांबू चिरत बसलो होतो. चिरता चिरता कोयता तसाच राहिला हातात.

घरी गेली तर. गावात डबा वाजला तर ही ताटली घेऊन बाहेर येईल.

कूड अर्धाच राहिला.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

फि. नाही.

ताईला डब्याचं सांगितलं. मग मी म्हटलं, तिला कायमचं ठेवा. इथलं शिकली तर ती आता घरची नाही राहत. लिहून नको, नुसतं तोंडाने हो म्हणा.

ताई म्हणाली, "बाबा, ते माझ्या एकटीच्या हातात नाही. गिरजा उद्या आजारी पडली तर सुमीची आंघोळ कोण करेल, हेसुद्धा मला आज सांगता येत नाही. खोटं कसं सांगू?" मग म्हणाली, "शिकवणं थांबवायचं का? तुम्ही बाप आहात. तुम्ही म्हणाल तर आजपासून तिला खाटेवर जेवण देऊ."

मी कोयता उचलून वाडीत गेलो. थांबवा म्हटलं तर इथे ती रोज मरणाच्या भेवात खाटेखाली. थांबवू नका म्हटलं तर.

सुमीच्या मायवर राग आला आज. तिने इतकं पक्कं का शिकवलं. मग लगेच तोंडात मारून घ्यावं असं वाटलं. तिने शिकवलं म्हणून तर पोरगी आहे.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

फि. एक, मोठी. जीभ चावली. गिरजाबाईने कुशीवर वळवून धरलं, मी नुसता उभा.

कांताबाईला फोन लावला. शेतातच होती, मिरचीने शिंकत होती. सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आणा ना भाऊ तिले घरी. पाडव्याले मी येतोच. डबा वाजला त मी धरीन तिले." मी म्हटलं, पुढच्या वर्षी? "पुढच्या साली मिरचीले जाच लागन." मग? ती पुन्हा शिंकली. मग म्हणाली, "भाऊ, खरं सांगा, ते तिथी हसते का?"

हसते, म्हटलं. काल गिरजाबाईच्या पाटावर बसायला गेली आणि दोघी कलंडल्या, तर हसली. घरी शेवटची कधी हसली ते आठवत नाही. तिची माय असताना.

फोन कटला. पुन्हा लागला नाही.

२ मार्च, रविवार

फि. नाही.

चिंचेखाली बैठक झाली. गिरजाबाईच्या घरातली दुसरी बाई, लता, तिने सांगून टाकलं की सुमी अंथरूण ओलं करते, वास येते, माहं बी घर हाय ते. खरं आहे तिचं. मला राग आला नाही. सखारामभाऊ म्हणाला, मी बी पहिल्या साली भिंतीलेच मुतत होतो, तवा तू आली नोयती. गिरजाबाई म्हणाली, आंघोळीचं मी पाहतो, हात चालतेत तवर.

ठरलं ते असं. पाडव्यापर्यंत सुमी राहील. मग पुन्हा बसतील. आणि बापाने आज जावं. मी असलो की ती घंटा झाल्यावर आधी माझ्याकडे पाहते. ताई माझ्याकडे वळून म्हणाली, "त्या दिवशी विचारलं होतं, शिकवणं थांबवायचं का. तुम्ही अजून सांगितलं नाही, बाबा."

सखारामभाऊने मान माझ्याकडे केली होती. मी म्हटलं, शिकवा.

म्हटलं आणि उठलो. सुमी वाडीत लताच्या मागे पाणी घालत होती. तिला न भेटता निघालो, ताईने तसंच सांगितलं होतं.

आता रस्त्यावर पळसाखाली बसलो आहे. मूलची बस आली होती. तेवढ्यात आत घंटा वाजली, जेवणाची. कंडक्टर म्हणाला, चढा ना बाबा. मी म्हटलं, जरा थांबा. कशाला थांबू, म्हणाला आणि गेला.

इथून घर दिसत नाही, कूड आडवा येतो. ती जेवायला आली असेल तर बरं. आली नसेल तर

यावी, येऊ नये, दोन्ही एकदमच वाटतं. घंटा थांबली आहे. माणसांचे आवाज येतात, ताटल्यांचे येतात, त्यातली तिची कोणती ते कळत नाही. आत जायचं नाही असं सांगितलं आहे. पुढची बस दिवस कलल्यावर. इथेच बसलो आहे.