तिसऱ्या भोकामागे वायरच नाही

पलूस, मंगळवार, संध्याकाळ

राग अजून उतरला नाही. सकाळी सासूबाईंनी ओल्या हातानं फ्रीज उघडला आणि झटका बसून त्या मागे पडल्या. कोपर सुजलंय. महिनाभर सांगत होत्या, "फ्रीजला हात लावला की मुंग्या येत्यात गं." आणि मी? चप्पल घालून उघडा म्हणाले! लाज वाटते.

दुपारी मेन स्विच बंद करून मीच सॉकेट उघडलं. वरच्या मोठ्या भोकामागे वायरच नव्हती. बिघाड झाला तर करंट जमिनीत नेणारी अर्थिंगची वायर! घर बांधल्यापासून ते भोक नुसतं दिसायला.

वायरिंग केलेल्या चुलत दिराला बोलावलं. तो हसला. "वहिनी, दोन वायरींवर चालतंय की. लय घरांत असंच हाय."

"दोनशेतीस व्होल्ट हायत, भावजी. चालतंय म्हणजे काय?"

हे मध्येच म्हणाले, "जाऊ दे, घरातलाच हाय."

घरातलाच! मी मेन चालू केला. "मग चप्पल काढा आणि लावा फ्रीजला हात."

सासूबाई आतून ओरडल्या, "नको गं, मरंल त्यो!"

दीर जागचा हलला नाही. ह्यांनी मान खाली घातली, पहार उचलली आणि अर्थिंगचा खड्डा खणायला अंगणात गेले.