वरीलप्रमाणे

३ मार्च
आज अभयारण्याच्या कचेरीत कारकून म्हणून रुजू झालो. खोली छान आहे. खिडकीतून डोंगर दिसतो, टेबल डुगडुगत नाही, आणि शेजारी चौकशीला येत नाहीत. बायकोला जाऊन सात महिने झाले. चौकशा पुरे झाल्या होत्या. तिचा चष्मा खिडकीत ठेवला आहे. अभयारण्याची हद्द ओढ्यापलीकडे वाढवली आहे. तिथलं प्रत्येक दुर्मिळ झाड मोजायचं, खोडाला पत्र्याचा बिल्ला ठोकायचा, क्रमांक नोंदवहीत चढवायचा. असं काम मला जमतं.

५ मार्च
ओढ्यापलीकडे बोडका माळ आहे. साहेबांना सांगितलं. ते नखं कापत होते. म्हणाले, जंगल आधी कागदावर वाढतं. दोनशे झाडं चढवा, बिबट्याची एक मादीही चढवा, तपासणीवाल्यांना बरं वाटतं. जंगल वाचवायला नेमलेला हा माणूस बुटाला माती लागेल म्हणून जीपमधून उतरत नाही. मी वही उघडली. बोलावं इतकी त्याची लायकी नाही.
दुपारभर लिहीत होतो. पहिल्या ओळीत सगळं लिहायचं, खाली नुसतं ‘वरीलप्रमाणे’. चिडून एक झाड साहेबांच्या जीपच्या जागेवर दाखवलं. मग प्राण्यांची वही घेतली: बिबट्या, मादी, पावलं चार, आहार ताजं मांस.

६ मार्च
माळावर झाडं उभी आहेत. दोनशे. खोडांवर बिल्ले, क्रमांक माझ्या वहीतले. जीपच्या टपातून एक खोड वर आलं आहे. साहेबांनी आधी विम्याची चौकशी केली, मग भांग पाडून झाडाशेजारी फोटो काढून घेतला.
म्हातारा वनरक्षक मात्र हसला नाही. त्याने मला ओढ्याकाठी मादीचे ठसे दाखवले. म्हणाला, “भाऊसाहेब, वही मिटा आता. देणारा देतोय खरा, पण लिहिल्याबरहुकूम देतोय.”

७ मार्च
साहेबांनी आणखी पाचशे झाडं मागितली. वाट्टेल ते मिळेल अशी वही हाताशी आहे, आणि याला बिल्ले हवेत.
जेवणाच्या सुट्टीत प्राण्यांची वही उघडली. बिबट्याखाली बायकोचं नाव लिहिलं. डोळे भरले होते. पुढचे रकाने भराभर उरकले.

८ मार्च, सकाळ
साहेब आले नाहीत. ओढ्याकाठी त्यांचा एक बूट सापडला. चिखलाने भरलेला. वाईट वाटायला हवं होतं.
वनरक्षक म्हणतो, नवे ठसे बिबट्याचे नाहीत. पुढचे दोन हातांचे आहेत. डाव्या हाताच्या बोटात अंगठीची खूण —

दुपार
वही पाहिली. तिचं नाव. लिंग — वरीलप्रमाणे. पावलं — वरीलप्रमाणे. आहार —
साहेबांना हसत होतो मी. आपलं माणूस परत मागताना चार शब्द लिहायचा कंटाळा केला. कारकुंडा.
वही तिथेच टाकून खोलीवर पळत आलो. मूर्ख. नोंद खोडायला तरी ती आणायची —

संध्याकाळ
दाराबाहेर तीच. “अहो.” तसंच, शेवटचं अक्षर लांबवून. पण आवाज गुडघ्याच्या उंचीवरून येतो.
पुन्हा. दार खरवडते आहे.
म्हणते, दिसत नाही मला. चष्मा द्या.
वही कचेरीत. मध्ये ती.
ती काय आहे ते मला कळतं. तरी चष्मा पुसून हातात घेतला आहे.
कडी —