पाणी मुरेपर्यंत

३ तारीख, रविवार
आले एकदाची! खोली तळमजल्यावरची, पण ऐसपैस. रस्त्याच्या बाजूला भिंतभर काच आहे, न उघडणारी. हवेसाठी मागे झरोका. उद्यापासून चष्म्याच्या दुकानात काचा घासायच्या, म्हणजे घरी काच आणि दारीही काच. शाळा संपली की सोळा तारखेला नवरा आणि चिऊ येतील. लेकीने मला एकाच अटीवर सोडलंय: नव्या घरात मासे हवेत. घरमालकीणबाईंना हे सांगायचा अवकाश, त्यांनी कोपऱ्यातली रिकामी काचेची टाकी दाखवली. आधीची भाडेकरू म्हणे न सांगताच निघून गेली, टाकी तशीच टाकून. फुकट ते पौष्टिक! दुपारभर मीठ आणि व्हिनेगरने घासली. काठाखाली जुन्या पाण्याची पांढरी रेघ आहे, ती मात्र मेली जात नाही.

५ तारीख, मंगळवार
टाकी नुसतीच भरून ठेवली होती, गळते का बघायला. खालचा पेपर ठणठणीत कोरडा. मग वाळू धुतली. कितीही धुवा, पाणी आपलं गढूळच. शेवटी कंटाळून पसरली, वर बशी ठेवली आणि बशीवर हळूहळू पाणी सोडलं, म्हणजे खड्डा पडत नाही. फिल्टर लावला, हीटर लावला. बाईंनीच सुचवलेला मासेवाला म्हणाला, घाई करू नका, नव्या टाकीत आधी पाणी मुरावं लागतं. एकच साधा, चिवट मासा सोडायचा. तो जगला तर बाकीचे आणायचे. आणि मेला तर, विचारलं. तर पाणी फेकायचं, माशाचं काय एवढं, म्हणाला. मी म्हटलं, पाणी मुरतंय म्हटलं की लोक संशय घेतात हो. तो हसला नाही. करड्या रंगाचा, चेहरा पडलेला एक मासा दिला. त्याचं नाव ठेवलंय साहेब. आमच्या दुकानमालकांसारखंच तोंड उघडतो आणि बोलत काही नाही.

८ तारीख, शुक्रवार
साहेब मजेत. मी मात्र फार दमते. भिंतींवर एक पांढरी रेघ उठलीय, छताच्या जरा खाली, चारही भिंतींवर सरळ. ओल म्हणावी, तर ओल अशी पट्टी लावून येते का? स्टुलावर चढून नखाने खरवडली. जात नाही. बाई म्हणाल्या, जुनं घर आहे, चालायचंच. रोज सकाळी काचेतून डोकावतात आणि विचारतात, जेवण जातंय ना, झोप लागते ना. सख्ख्या सासूने कधी इतकी चौकशी केली नाही. बरं वाटतं.

११ तारीख, सोमवार
दार फुगलंय. खांद्याने ढकलून निघाले, उशीर झाला, मालकांनी तोंड उघडलं आणि या वेळी बोललेही. कानांना दडे बसलेत. दुकानात मोकळे होतात, खोलीत शिरलं की पुन्हा तेच.
आज काच नीट पाहिली. माझा धंदाच तो. खिडकीच्या काचेच्या फटी बाहेरून बुजवतात, पाऊस आत येऊ नये म्हणून. हिच्या फटी आतून बुजवल्यात, चारही कडांना, सिलिकॉनवर बोट फिरवून गुळगुळीत केलेल्या. आतून फक्त टाकीवाले बुजवतात. आतलं पाणी बाहेर जाऊ नये म्हणून.
मला भीती वाटतेय. लिहूनच टाकते.

१४ तारीख, गुरुवार
दार उघडत नाही. कालपासून. झरोकाही बुजवलाय, बाहेरून. नवऱ्याला फोन लावला. आत्ताच्या आत्ता ये म्हणून ओरडत होते — त्याला नुसतं बुडबुड ऐकू आलं. रेंज नसेल, शनिवारी येतोच आहोत, म्हणाला आणि ठेवला. मेसेज जात नाहीत.
स्टूल उचलून काचेवर घातलं. हात सावकाश गेला. काच वाजलीसुद्धा नाही. खोली कोरडी आहे, कपडे कोरडे आहेत, आणि हात —

१५ तारीख, शुक्रवार
काचेशी बाई आणि मासेवाला. दोघांनी मला निरखून पाहिलं. आवाज येत नाही, पण त्याचे ओठ कळले. जगली, म्हणाला. बाई किती खूश.
जगली म्हणजे पाणी मुरलं. मुरलं म्हणजे आता बाकीचे —
चिऊ.
येऊ नका म्हणून सांगायला हवं. फोन बंद पडलाय.

१६ तारीख, शनिवार
ठरलं. पहिला मेला तर दुसरे सोडत नाहीत. मरायचं नाही, मेलेलं दिसायचं. कुशीवर पडलेय, डोळे अर्धे उघडे, वही मांडीआड, पेन्सिल मुठीत. श्वास अगदी बारीक.
बाई आली. काचेवर टकटक करतेय. मी हलत नाही. तिचं तोंड वाकडं झालं. हो, मेले. फेका पाणी. चिऊला सांगा आई निघून गेली. न सांगता गेली म्हणा. तेवढं सोसेन मी —
टॅक्सी थांबली.
बाई त्यांना आडवी गेली. मानेने नाही नाही म्हणतेय. बरोबर. परत जा. परत जा गं बाळा
चिऊ निसटली तिच्या हाताखालून. काचेला नाक लावलंय
हलायचं नाही
आई म्हणतेय. ओठ दिसतात. आई. आई. रडायला लागली
हलायचं नाही हलायचं ना
बाई वाकलीय. माझ्याकडे बघतेय. हसतेय. किल्ली काढली
का हसतेय — माझा हात. माझा डावा हात वर आहे, चिऊकडे, मी कधी —