निळी डायल

८ फेब्रुवारी, रविवार

सकाळी सावंत दारात. लॅबमध्ये आमची टेबलं शेजारी शेजारी, ते कवळ्या करतात, मी सिरॅमिकचे दात. रोजचं तोंड, पण लालबागहून काळाचौकीला सुट्टीच्या दिवशी आले म्हणजे काहीतरी आहे. खिशातून रुमाल काढला. रुमालात घड्याळ.

"ह्यां बघ, खरां काय खोटां ता सांग. पण आज नको सांगू."

म्हणजे काय, तर आधी दादांना दाखवणार. दादा म्हणजे त्यांचा थोरला भाऊ. गेल्या वर्षी अर्धांगवायू झाला, उजवा हात धड उठत नाही, शब्द अडकतात. मिलमध्ये लागल्यावर हौसेने घेतलेलं घड्याळ होतं त्यांचं, स्विस, चावीचं, निळ्या डायलचं. कुणीतरी मारलं. त्यालाही आता जमाना झाला. तरी हल्ली मधूनच मनगटाकडे बोट दाखवतात. सावंतांनी ऑनलाइन शोधून शोधून तसंच घेतलं. विकणाऱ्याने लिहिलंय, वडिलांच्या संग्रहातलं, सर्व भाग मूळचे.

जुनी घड्याळं हा माझा छंद, म्हणून माझ्याकडे. वरवर पाहिलं. छान आहे. जरा जास्तच छान आहे.

९ फेब्रु.

सावंत लॅबमध्ये दिवसभर हसतायत. दादांनी घड्याळ कानाला लावलं म्हणे. मग उजव्या हाताने चावी फिरवायला बघत होते. फिरली नाही, पण "बोटां हलवल्यान गो वैशाली, बोटां!" फिजिओवाली रबरी चेंडू दाबा म्हणून सांगून थकली, चेंडूला हात लावत नाहीत.

घड्याळ उद्या घेऊन या म्हटलं. तर म्हणे, त्याच्या हातातून काढू कसा?

ठीक. मीच जाते.

११ फेब्रु.

लॅब सुटल्यावर लालबाग. भिंग, चिमटा, झाकण उघडायची किल्ली सगळं पर्समध्ये. दादा खिडकीशी खुर्चीत. घड्याळ द्यायला तयार नाहीत. त्यांच्यासमोरच उघडते म्हटलं तेव्हा हात पुढे केला.

मशीन खरं. नंबर जुळतो. केस खरी. काटेही बहुतेक मूळचेच.

डायल नाही. कुणीतरी पुन्हा रंगवलेली. निळा रंग कडेच्या खाचेत उतरलाय. मिनिटांच्या रेघा तासांच्या काड्यांच्या मध्यावर येत नाहीत, सरकल्यात. तळाला देशाचं नाव असायला हवं, ते नाहीच. कंपनीचं नाव छापलेलं नाही, ब्रशने काढलेलं.

पण काय हात आहे! मी रोज दातांवर रंग चढवते, बारीक ब्रश कसा थरथरतो मला माहीत आहे. अशा रंगवलेल्या डायली खूप बघितल्यात, भडक, ओबडधोबड. परदेशातले शौकीन त्यांना आपल्या मुंबईचं नाव लावून हसतात. ही तशी नाही. हे जीव लावून केलेलं काम आहे.

दादा माझ्या तोंडाकडे बघत होते. मशीन एकदम चांगलं आहे दादा, एवढंच म्हटलं. खोटं नाही बोलले.

गॅलरीत सावंतांना सगळं सांगितलं.
"मग परत करू?"
"मूळचं म्हणून विकलंय. परत करायला हवं."
"आणि त्याला काय सांगू?"


१२ फेब्रु.

आमच्या जुन्या घड्याळांच्या ग्रुपवर डायलचा फोटो टाकला, विकणाऱ्याचं नाव न देता. चूक झाली. ग्रुप देसाई चालवतात. लगेच त्यांचा फोन. "नाव द्या, सावध यादीत घालू." यादीत नाव गेलं की त्या माणसाकडून पुन्हा कुणी घेत नाही. आत्तापर्यंत मी कितीतरी नावं दिलीत, हात कधी अडखळला नाही.

थांबा म्हटलं. का म्हटलं, मलाच...

सावंतांना घड्याळ आलं त्या पाकिटावर गिरगावचा पत्ता आहे. नाव बाईचं. उज्ज्वला.

१३ फेब्रु.

त्या बाईंना मेसेज केला, घड्याळाबद्दल भेटायचंय. उत्तर लगेच. "अवश्य या. बाबांची अजून बरीच आहेत."

माझा मेसेज वाचून त्यांना वाटलं असणार गिऱ्हाईक आहे. खुलासा केला नाही.

१५ फेब्रु., रवि.

गिरगाव. वाडीतली जुनी इमारत, रीडेव्हलपमेंटला गेलेली. अर्ध्या खोल्यांना कुलपं. उज्ज्वलाताई साठीच्या पुढच्या, कॉलेजच्या लायब्ररीत नोकरी झाली, एकट्याच. केस पांढरे, बोलणं स्वच्छ. राहता कुठे, आडनाव काय, हे आलंच. काळाचौकी, कांबळे, मी सांगितलं. चहा त्यांच्या कपासारख्याच कपात आला. मी हे अजून बघते. सवय.

महिनाअखेर जागा सोडायचीय म्हणून बाबांची घड्याळं विकतायत. बाबा फोर्टात एका ऑफिसात क्लार्क होते. संध्याकाळी घरी आले की खिडकीतल्या टेबलाशी.
"काय करायचे?"
"घड्याळं साफ करायचे. लोक आणून द्यायचे. एकाग्र अगदी. आम्हाला आवाज करायची बंदी!"

टेबल अजून तिथेच. खणात एका केसाचे ब्रश, वाळलेल्या रंगांच्या बाटल्या, घासून कोऱ्या केलेल्या डायली. निळ्या रंगाची बाटलीही. समोर सगळं होतं आणि त्यांना ते दिसत नव्हतं. की दिसत होतं?

सांगितलं. जमेल तेवढं हळू सांगितलं. फोनवर डायलचा मोठा केलेला फोटो दाखवला, खाचेतला रंग, सरकलेल्या रेघा.

फोन माझ्या हातात परत दिला. मग, "म्हणजे माझे बाबा लोकांना फसवत होते."
"नाही हो. डायल काळी पडली की लोकच आणून द्यायचे, नवी करून द्या म्हणून. तेव्हा नवं दिसण्याला मान होता. त्यांनी कुणाला मूळची म्हणून विकली असेल असं मला वाटत नाही."
"मग फसवलं कोणी?"
मी गप्प बसायला हवं होतं. म्हटलं, "‘मूळचे’ हा शब्द तुम्ही लिहिलात."

कप उचलून आत गेल्या. आतूनच म्हणाल्या, "तुम्ही निघा आता."

निघाले. चर्नी रोडपर्यंत चालत. गाडीत बसल्यावर लक्षात आलं, बाबांचा हात किती सुंदर होता हे सांगायचं राहूनच गेलं. तेवढंच सांगायला तर गेले होते बहुतेक.

१६ फेब्रु.

मिलिंदला सगळं सांगितलं. नवरा मास्तर आहे, चुका दाखवणं हा त्याचा धंदाच. म्हणाला, "खरं तेच बोललीस ना? मग झालं." झालं नाही.

१८ फेब्रु.

देसाईंचा पुन्हा फोन. फोटोतला हात ओळखून ग्रुपमधले दोघं म्हणाले, आम्हीही गिरगावच्या एका बाईंकडून घेतलीत. दोघांच्या डायली शंकास्पद. "वैशालीताई, नाव द्यायचा नियम तुम्हीच केलात." केला खरा. म्हटलं, बाईंना स्वतः सांगायची संधी देऊ. देसाई म्हणाले, दुसऱ्या कुणासाठी थांबला होता का? नव्हते थांबले.

२० फेब्रु.

परत करायची मुदत आज संपली. सावंतांनी परत केलं नाही. जेवणाच्या सुट्टीत म्हणाले, "मला खरां काय ता कळला. बास." मग डबा उघडता उघडता, "दादाला पण सांगितलं काल."
"काय म्हणाले?"
"हसला. बोट लावलान डायलला. 'ब-रा' म्हणाला. बरा म्हणजे काय, चित्र की रंग की घड्याळ, देव जाणे."

चावी आता थोडी फिरते म्हणे. डावा हात लावत नाहीत, कुणाला मदतही करू देत नाहीत.

मी ह्यात कुठेतरी चुकीची ठरले का? नाही. डायल रंगवलेलीच आहे. पण ते सांगून संपलं नाही, इतकंच.

२३ फेब्रु.

उज्ज्वलाताईंचा मेसेज. नुसता स्क्रीनशॉट. विकायच्या घड्याळांखालचा मजकूर बदललाय. "मशीन मूळचं. डायल माझ्या वडिलांनी हाताने रंगवलेली असण्याची शक्यता."

शक्यता. असो.

मी लिहिलं, "तुमच्या वडिलांसारखा हात मी दुसरा बघितलेला नाही. हे त्या दिवशी आधी सांगायला हवं होतं." निळ्या दोन खुणा आल्या. उत्तर नाही.

२५ फेब्रु.

उत्तर आलं, पण वेगळंच. "ज्यांनी आधी घेतली त्यांना काय लिहू? एकांनी मुलीला लग्नात दिलंय."

फोन केला. दोघींनी मिळून मजकूर केला. त्या ‘दिलगीर’ म्हणत होत्या, मी ‘परत घ्यायला तयार आहे’ हे वाक्य वर आणा म्हटलं. मध्येच म्हणाल्या, "शिव्या देतील हो." देतीलही.

२८ फेब्रु.

दिल्या एकाने. उ.ताईंनी मला तो मेसेज पाठवला, खाली काही न लिहिता. एकाचं घड्याळ परत येतंय. एका बाईंनी उ.ताईंच्या बाबांचा फोटो मागितला, घड्याळासोबत ठेवायला. लग्नात दिलेल्या घड्याळाच्या मालकांचं अजून काही नाही. त्यांचं वाचून झालंय, एवढं दिसतं.

देसाईंना सगळं कळवलं. म्हणाले, ग्रुपचं मत घेऊ. तिथे दोन तट पडलेत. सांगितलं ना तिने आता, असं काहींचं. पकडल्यावर सांगितलं, असं काहींचं. दोन्ही खरंच.

१ मार्च, रवि.

उ.ताईंनी बोलावलं. जागा सोडायला सोसायटीकडून थोडी मुदत मिळालीय. उरलेली घड्याळं बघून द्या म्हणाल्या. भिंग घेऊन गेले. आज खिडकीतल्या टेबलाशी मला बसवलं. त्या खुर्चीत कुणाला बसवत नसणार, कारण उशी अजून बाबा रेलायचे त्या बाजूला कललेली.

एकेक उघडत गेले. रंगवलेली डावीकडे, मूळची उजवीकडे. उजवीकडे फारच थोडी. प्रत्येक डावीकडे जाताना त्या मान हलवायच्या, आधीच ठाऊक असल्यासारख्या. एका पिवळट डायलपाशी मी भिंग त्यांच्या हातात दिलं. म्हटलं, हा ‘एस’ बघा, एका श्वासात काढलाय. बघत राहिल्या. "आम्हाला आवाज करायची बंदी होती ती ह्यासाठी," म्हणाल्या.

देसाईंचा मेसेज आला. मतदान उद्यापर्यंत. फोन पालथा ठेवला.

टेबल रिकामं झालं. मी आवरायला लागले. तर त्यांनी स्वतःच्या मनगटावरचा पट्टा सोडला. पुरुषी घड्याळ, पट्टा जास्तीची भोकं पाडून बारीक केलेला. बाबा रोज ऑफिसला घालून जायचे ते. शेवटपर्यंत त्यांच्या हातात होतं.

माझ्यासमोर ठेवलं.

मी भिंग डोळ्याला लावलं तेवढ्यात त्यांनी डायलवर तळवा ठेवला.

"बघू ना?"
"थांबा जरा."

थांबले. खाली वाडीत कुणीतरी कुणाला तरी हाका मारत होतं. त्यांचा हात तिथेच. मीही भिंग खाली ठेवलं नाही, आणि हात बाजूला घ्या असंही म्हटलं नाही.