चार बोटं माया

ता. ४ मे

ती. आईस,
सा. न. वि. वि.

मावशीच्या शिवणाच्या दुकानात मला बढती मिळाली. आधी नुसत्या टाचण्या वेचत होते, आता काजं-बटणं आणि तुरपाई करते. मावशी म्हणते, ही भिंगरी एका जागी बसली हेच नवल! दिवसभर कटकट करते, पण झोपताना माझे केस विंचरते.

लग्नानंतर तुझं नवं घर लावून झालं का? नव्या बाबांना मी काकाच म्हणणार, आधीच सांगून ठेवते. खिडकीजवळची जागा माझी. शाळा उघडायच्या आत न्यायला ये.

तुझी,
भिंगरी

ता. १५ मे

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

तू आणि तुरपाई! वाचून खूप हसले. इथे सामान अजून खोक्यांतच आहे. काकांची दोन्ही मुलं राहायला आली, म्हणून खिडकीची जागा तूर्त त्यांना दिली. तू शहाणी आहेस, समजून घेशील. न्यायला कधी येते ते मागाहून कळवते. मावशीला उलट बोलू नकोस, दूध पीत जा.

तुझी,
आई

ता. २९ मे

ती. आईस,
सा. न.

मावशीने निळा गणवेश कापला. आमच्या शाळेचा हिरवा, म्हणून मला वाटलं गिऱ्हाइकाचा असेल. माझ्याच अंगलटीच्या मुलीचा आहे असं सांगून तिने माप माझ्यावर घेतलं. पुढे कपडा उसवून वाढवता यावा म्हणून शिवणीत जादा कापड ठेवतात ना, शिंपी ज्याला माया म्हणतात, ती तिने चांगली चार बोटं ठेवली. मी थट्टा केली, की ही पोर काय इथेच म्हातारी होणार आहे? मावशीचं मशीन थांबलं. ती रडायलाच लागली, तेव्हा मला कळलं.

आई, माझाच गणवेश मी माझ्या हाताने तुरपला. टाके सुबक आले म्हणून वर मिरवलं! तुम्ही दोघी बहिणींनी मला चांगलं बनवलंत. मला भयंकर राग आलाय आणि त्याहून जास्त घरी यायचंय. खिडकी नको, मी स्वयंपाकघरात झोपेन. खरं काय ते लिही.

भिंगरी

ता. ६ जून

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

तोंडावर सांगायचं धाडस झालं नाही. काकांनी लग्नाआधीच स्पष्ट म्हटलं होतं, की त्यांची दोन मुलं पुरे, तिसरं जमणार नाही. मी हो म्हटलं. एकटीने ओढून ओढून मी थकले होते गं. वाटलं, सुट्टीत तू तिथे रुळशील आणि मग सांगणं सोपं जाईल. मावशीचा तुझ्यावर जीव आहे, माझाही आहे. पुढच्या सुट्टीत चार दिवस ये, मी काकांना विचारून ठेवते. आईवरचा लोभ कमी करू नकोस.

तुझी,
आई

ता. १४ जून

ती. आईस,
सा. न.

शाळा सुरू झाली. बाई बऱ्या आहेत. शेजारी बसणारी मुलगी फार बोलते, त्यामुळे मला बोलावं लागत नाही.

काकांना काही विचारू नकोस, मी येणार नाही. मावशी म्हणते, आईला असं लिहू नये, म्हणून हे तिला न दाखवता टाकते आहे. तू थकली होतीस हे मला दिसत होतं. मला आधी विचारलं असतंस, तर तुझ्यासाठी मीसुद्धा हो म्हटलं असतं.

तब्येतीला जपावे. उत्तराची घाई नाही.

मावशीकडची,
भिंगरी